कुठलं टूल घेऊ? : कुलाब्याच्या वहीपासून प्रोमिथियसपर्यंत

मंडळी, दर चार-सहा महिन्यांनी कुणीतरी मित्र हा प्रश्न घेऊन येतोच. "डेटाबेस स्लो होतोय रे, मॉनिटरिंग लावायचंय. प्रोमिथियस घेऊ, इन्फ्लक्स घेऊ, की टाइमस्केल?" मग तुलनेचे तक्ते उघडले जातात. सेकंदाला किती लाख नोंदी लिहितं, क्वेरी कुठल्या भाषेत लिहायची, डॅशबोर्ड किती देखणा, लायसन्स कसलं.. सगळं असतं त्यात. एक रकाना मात्र मला कधी दिसला नाही. हे टूल काय विसरतं, आणि कधी?

माझ्या मते पहिला रकाना तोच हवा. का, ते सांगायला थोडा इतिहास लागेल. तेव्हा चहा घेऊन बसा :-)

टाइम सिरीज म्हटलं की काहीतरी भारी वाटतं. गोष्ट अगदी साधी आहे. ठरावीक वेळाने एक आकडा वाचायचा आणि वेळेसकट लिहून ठेवायचा. हे काम आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत, १८४० च्या दशकापासून चालू होतं. आकडा होता पृथ्वीच्या चुंबकत्वाचा. माणूस डोळ्यांनी उपकरण वाचणार आणि वहीत लिहिणार. एरवी दर तासाला एक नोंद. पण चुंबकीय वादळ आलं की हीच माणसं दर पंधरा मिनिटांनी, कधी कधी तर दर पाच मिनिटांनी नोंद घ्यायची. गडबड असेल तेव्हा जास्त बारीक बघायचं, हे त्यांना कुणा टूलच्या माहितीपत्रकात वाचावं लागलं नव्हतं.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक प्रखर झळक पाहिली. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं, तारायंत्रं बिघडली. कुलाब्याच्या वहीत त्या दिवशीचे आकडे धाडकन खाली गेलेले आहेत. वही राहिली, माणसं गेली, आणि तब्बल १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व सोभना अ‍ॅलेक्स यांनी त्या नोंदींचा अभ्यास छापला. घट निघाली सुमारे १६०० नॅनोटेस्ला.

आता खरी मजा. २००६ मध्ये जॉर्ज सिस्को आणि सहकाऱ्यांनी (राउटरवाले सिस्को नव्हेत!) त्याच नोंदींची तासाची सरासरी काढली, कारण अशा वादळांचा आज वापरला जाणारा निर्देशांक तासाच्या हिशेबाने काढतात. त्यांचा आकडा आला सुमारे ८५०. वही तीच, दिवस तोच, आणि सरासरी घेतल्याबरोबर वादळ जवळपास निम्मं! दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण बारीक नोंदी होत्या म्हणून दोन्ही काढता आले. कुलाब्याने नुसती तासाची सरासरी ठेवली असती तर १६०० हा आकडा जगाला कधी कळलाच नसता. पिठाचे परत गहू होत नाहीत.

आणि हे नुसतं कुतूहल नाही. मार्च १९८९ मधल्या चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली होती. पुढचं वादळ किती मोठं असू शकेल याचा अंदाज बांधताना १८५९ चा आकडा धरला जातो. वहीत नोंद करणाऱ्याला हा उपयोग माहीत असणं शक्यच नव्हतं.

असो. आता संगणकाकडे येऊ. इथे आधी एक वेगळंच भांडण झालं: काय मोजायचं?

ओरॅकलच्या जगात कित्येक वर्षं एका आकड्याची पूजा व्हायची. बफर कॅश हिट रेशो. शंभर वेळा डेटा मागितला तर किती वेळा तो मेमरीतच सापडला, डिस्कपर्यंत जावं लागलं नाही, तो हा आकडा. ९९ टक्के आला की डीबीए निवांत. यात गोम अशी की एखादी भिकार क्वेरी तेच ते ब्लॉक मेमरीतून लाखो वेळा उगाच वाचत बसली, तर हा रेशो सुधारतो! कॉनर मॅकडोनाल्ड यांनी तर एक छोटा प्रोग्रॅमच लिहून दाखवला. तुम्हाला हवा तो रेशो सांगा, तो निरर्थक वाचन करत करत तेवढा आणून देतो. म्हणजे वापरणारा माणूस स्क्रीनकडे बघत ताटकळतोय आणि रिपोर्ट म्हणतोय सगळं उत्तम.

यातून सुटका झाली ती वेट इव्हेंटमुळे. ओरॅकल ७ (१९९२) पासून डेटाबेस स्वतःच सांगू लागला की अमुक सेशन नेमकं कशासाठी थांबलंय. डिस्कसाठी, लॉकसाठी, की नेटवर्कसाठी. अंजो कोल्क, कॅरी मिलसॅप अशा मंडळींनी हाच धागा पुढे नेला. मिलसॅप आणि जेफ होल्ट यांचं ओरॅकल परफॉर्मन्सवरचं पुस्तक २००३ चं. सार एका वाक्यात: माणसाचा वेळ कुठे गेला ते मोजा. आज ही गोष्ट उघड वाटते, पण पोस्टग्रेसमध्ये पुरते तपशीलवार वेट इव्हेंट यायला ९.६ आवृत्ती, म्हणजे २०१६ साल उजाडलं.

काय मोजायचं ते ठरलं. आता ठेवायचं कसं?

१९९४-९५ च्या सुमारास टोबी ओटिकर नावाचा तरुण इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात होता. बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, ६४ किलोबिटची. ती किती भरलीय हे सगळ्यांनाच बघायचं असायचं. त्याने एमआरटीजी लिहिलं. दर पाच मिनिटांनी राउटरला विचारायचं आणि वेबवर आलेख काढायचा. डिस्क महाग, म्हणून युक्ती अशी की फाइल कधी वाढतच नाही. ताजा डेटा पाच मिनिटांचा, मग तो अर्ध्या तासाच्या सरासरीत जातो, मग दोन तासांच्या, मग एका दिवसाच्या. १९९९ मध्ये याच कल्पनेचं स्वतंत्र टूल झालं, आरआरडीटूल. त्यावर मग असंख्य टूल्स उभी राहिली.

युक्ती खरंच सुंदर आहे. पण तिची किंमत बघा. समजा पाच मिनिटांत डेटाबेसवर ३००० क्वेरी आल्या. त्यातल्या २९७० ना लागले २० मिलिसेकंद. उरलेल्या ३० क्वेरी एका लॉकमध्ये अडकल्या आणि त्यांना लागले प्रत्येकी ३० सेकंद. बाकी दिवसभर ट्रॅफिक तेवढाच आणि सगळं सुरळीत. आता सरासरी काढू:

पाच मिनिटांची सरासरी: ३२० मिलिसेकंद
अर्ध्या तासाची: ७०
दोन तासांची: साधारण ३२
दिवसाची: २१

तीस माणसांचं पेमेंट अर्धा मिनिट लटकलं होतं, आणि काही महिन्यांनी आलेख सांगणार की त्या दिवशी नेहमीपेक्षा एक मिलिसेकंद जास्त लागला! तक्रार करणारा ग्राहक खोटा ठरतो, आणि रात्री तीनला उठून ते निस्तरणारा इंजिनिअर म्हणतो "काहीतरी झालं होतं हो", पण त्याच्या हातात पुरावा नसतो. (आरआरडीटूलमध्ये सरासरीसोबत कमाल आकडाही ठेवता यायचा, हे न्यायाने सांगायला हवं. पण तो आठवणीने मागावा लागायचा.)

पुढची वंशावळ थोडक्यात. ऑर्बिट्झमध्ये क्रिस डेव्हिसने २००६ मध्ये ग्रॅफाइट सुरू केलं, २००८ मध्ये ते ओपन सोर्स झालं. साठवण्याची पद्धत पुन्हा आरआरडीच्याच घराण्यातली. २०१० मध्ये स्टम्बलअपॉनकडून आलेल्या ओपनटीएसडीबीने उलट टोक पकडलं: काहीच फेकायचं नाही, मूळ आकडे जसेच्या तसे ठेवायचे. फक्त त्यासाठी एचबेसचा संसार सांभाळायचा, आणि तो सांभाळणं म्हणजे घरात हत्ती पाळणं. साउंडक्लाउडमध्ये २०१२ ला प्रोमिथियस सुरू झालं. मॅट प्राउड आणि ज्युलियस व्होल्झ हे दोघे गूगलमधून आलेले, आणि गूगलच्या बोर्गमॉनची छाप त्यावर स्पष्ट दिसते. इन्फ्लक्सडीबी आलं २०१३ मध्ये, आणि पोस्टग्रेसच्याच अंगाखांद्यावर बसणारं टाइमस्केलडीबी २०१७ मध्ये.

या सगळ्यात माझ्या मते मोठं वळण आहे २०१५ चं. फेसबुकच्या लोकांनी गोरिला नावाच्या त्यांच्या टूलवर शोधनिबंध छापला. त्यांच्या लक्षात आलं की नोंदी ठरावीक अंतरानेच येतात, त्यामुळे पूर्ण वेळ दर वेळी लिहायची गरजच नाही. जवळपास ९६ टक्के वेळा वेळेसाठी एक बिट पुरतो. आणि सुमारे ५१ टक्के वेळा आकडा मागच्याइतकाच असतो, तिथेही एकच बिट. परिणाम? १६ बाइटची नोंद सरासरी १.३७ बाइटमध्ये बसली. ही पद्धत पुढे प्रोमिथियस आणि इन्फ्लक्स, दोन्हींत शिरली.

म्हणजे बघा, १९९५ मध्ये विसरणं ही मजबुरी होती. २०१५ नंतर ती बऱ्याच अंशी निवड आहे. आणि गंमत अशी की ही निवड बहुतेक जण करतच नाहीत, डीफॉल्ट करतो! प्रोमिथियसचा डीफॉल्ट १५ दिवस. ओरॅकलचा एडब्ल्यूआर तासाला एक नोंद घेतो आणि ११जी पासून ८ दिवस ठेवतो. मायएसक्यूएलची स्लो क्वेरीची मर्यादा १० सेकंद, म्हणजे लॉग चालू असला तरी नऊ सेकंद रखडलेल्या क्वेरीचा त्यात मागमूस नाही. पोस्टग्रेसमधलं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स तर नुसती बेरीज सांगतं. काल संध्याकाळी सात वाजता काय झालं ते त्याला विचारू नका. त्या बेरजेच्या नोंदी तुम्हीच दर मिनिटाला कुठेतरी साठवल्या पाहिजेत.

महिनाअखेरीची बॅच महिन्यातून एकदा चालते. १५ दिवसांच्या आठवणीत मागची महिनाअखेर बसत नाही. दिवाळी सेलची तुलना मागच्या दिवाळीशीच करायची असते. हा विचार टूल निवडण्याआधी व्हायला हवा, नंतर नव्हे.

तर मित्राला मी काय सांगतो? आधी चार प्रश्न कागदावर लिही.

एक, माणूस कशासाठी थांबला ते हे टूल सांगतं का, की नुसते सीपीयू आणि हिट रेशो?

दोन, किती अंतराने बघतं? पंधरा सेकंदांनी एकदा उघडी कनेक्शन मोजली तर मधली पाच सेकंदांची कोंडी दिसणारच नाही. एकूण किती क्वेरींना किती वेळ लागला याचे चढते काउंटर आणि हिस्टोग्राम ठेवलेस तर तिचा माग राहतो.

तीन, जुनं झाल्यावर सरासरीच उरते, की कमाल आकडा आणि ९९ वा पर्सेंटाइल काढता येईल असं काही उरतं? (पर्सेंटाइलची सरासरी काढू नकोस, तिला काही अर्थ नसतो.)

चार, टूल बदलायची वेळ आली तर? आणि ती येते. इन्फ्लक्सने पहिल्या पिढीत इन्फ्लक्सक्यूएल दिलं, दुसऱ्या पिढीत फ्लक्स नावाची नवी भाषा पुढे केली, आणि तिसऱ्या पिढीत गाडी परत एसक्यूएलवर आली.

चौथ्या प्रश्नासाठी पुन्हा कुलाब्याला जावं लागतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. त्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक होते नानाभॉय मूस. त्यांनी ट्राम धावायची वाट बघितली नाही. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांतला फरक कळेल आणि मालिका तुटणार नाही. मग कुलाबा बंद झालं. ट्राम धावली १९०७ मध्ये. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदी छापून काढल्या.

आपल्याकडे शुक्रवारी संध्याकाळी जुनं टूल बंद करून सोमवारी नवं चालू होतं, आणि मग "लेटन्सी वाढलीय की मोजायची पद्धत बदललीय?" यावर महिनाभर वाद. दोन वर्षं कुणी देणार नाही, मान्य. निदान एक महिनाअखेर तरी दोन्ही टूल्स शेजारी शेजारी चालू द्या.

हे चार प्रश्न लिहून झाले की प्रोमिथियस की इन्फ्लक्स की टाइमस्केल, हे ठरवायला एक दुपार पुरते. छोट्या टीमकडे पोस्टग्रेस आधीच असेल आणि तीन वर्षांचा डेटा एसक्यूएलने चाळायचा असेल तर टाइमस्केल. धोक्याची घंटा पटकन वाजायला हवी असेल तर प्रोमिथियस, पण त्या १५ दिवसांचा आकडा आजच वाढवा, आणि लांबच्या आठवणीसाठी वेगळी सोय करा. ओरॅकलवर असाल तर एडब्ल्यूआरसाठी डायग्नोस्टिक्स पॅकचं लायसन्स आहे का ते आधी विचारा, आणि असेल तर आठ दिवसांचे निदान पस्तीस करून घ्या. काम एका ओळीचं आहे.