कल्हईपासून कठीण लेपापर्यंत

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आजीला रसायनशास्त्र न शिकताही माहीत होते. म्हणून वर्षातून एकदोनदा कल्हईवाला दारात यायचा. तो भांडे तापवायचा, त्यात नवसागराची पूड टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने भांडे आतून पुसून काढायचा. क्षणात पिवळे भांडे चंदेरी व्हायचे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. ते तापलेल्या पितळेवर पसरते आणि दोन धातूंच्या सीमेवर मिश्रधातूचा अतिशय पातळ थर तयार होतो. त्यामुळे कल्हई पापुद्र्यासारखी सुटून येत नाही.

पण यात नवसागराचे काम काय? विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड मोकळे होतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो. पृष्ठभाग असा स्वच्छ झाल्याखेरीज कथील त्याला धरत नाही. आज विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत लेपनावर जे संशोधन चालते, त्याचे दोन मुख्य प्रश्न इथेच आले : वरचा थर कोणत्या पदार्थाचा असावा, आणि तो खालच्या पदार्थाला घट्ट कसा धरावा? या दोन प्रश्नांची सातारा-सांगली भागातली वाटचाल आपण पाहणार आहोत.

नांगर आणि कठीण त्वचा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 साली लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपायला फार वेळ लागला. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. सांगली जिल्हा 1949 साली 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला आणि 1960 साली त्याला आजचे नाव मिळाले.

नांगराचा फाळ हा पृष्ठभागाच्या विज्ञानाचा उत्तम धडा आहे. माती, वाळू आणि खडे फाळाला सतत घासत असतात, म्हणून तो कठीण हवा. पण सगळाच फाळ कठीण केला तर दगडावर आपटताच तुटेल. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी 1803 साली यावर एक युक्ती शोधून तिचे पेटंट घेतले. ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा, फाळ ओतताना त्यांनी साच्याची खालची बाजू लोखंडाची आणि वरची वाळूची ठेवली. खालची बाजू झटकन थंड होते. तिथल्या कार्बनला ग्राफाइट म्हणून वेगळे व्हायला वेळ मिळत नाही, तो लोखंडाशी संयोग पावूनच राहतो आणि बीड फार कठीण होते. वरची बाजू सावकाश थंड होते, म्हणून मऊ राहते. नांगरताना मऊ बाजू लवकर झिजते, कठीण बाजू टिकते आणि फाळाला आपोआप धार येत राहते. वरून कोणताही लेप न देता केवळ थंड होण्याच्या वेगाने त्याच धातूला कठीण त्वचा मिळाली.

लेपाची खरी अडचण किर्लोस्करवाडीला जाणवली ती पहिल्या महायुद्धात. अवजारांना लागणारा रंग जर्मनीहून येत असे, तो बंद झाला. तेव्हा कारखान्यातले शंभूराव जांभेकर यांनी तांबड्या मातीपासून रंग तयार केला. या मातीचा तांबडेपणा आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे लोखंडाला गंजापासून वाचवणाऱ्या रंगात लोखंडाचेच ऑक्साइड होते! बाहेरचा माल थांबला की जवळ काय आहे ते पाहावे, ही या भागातल्या तंत्रज्ञांची सवय पुढेही दिसते.

कारखान्यातून शाळेकडे

किर्लोस्करांचे नांगर आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्याचा काचमाल विकण्यासाठी एक तरुण गावोगाव फिरत असे. तो म्हणजे भाऊराव पाटील. धनजीशा कूपर यांनी सातारा रोड येथे 1922 साली नांगराचा कारखाना काढला, त्यातही भाऊरावांचा हात होता. या भटकंतीत त्यांनी खेड्यांतले अज्ञान जवळून पाहिले. 1919 साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली होती. त्याच वर्षी सांगलीजवळ विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले आणि 1947 साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. 1962 साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले आणि शेतकऱ्यांची मुले पदव्युत्तर संशोधनापर्यंत पोचू लागली.

चंचुपात्रातले पातळ थर

या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांवर संशोधन सुरू झाले. पातळ थर म्हणजे काही नॅनोमीटरपासून काही मायक्रॉनपर्यंत जाडीचा थर. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. असे थर देण्याची नेहमीची रीत म्हणजे पदार्थ निर्वातात तापवून त्याची वाफ काचेवर बसवायची. त्यासाठी निर्वात पंप, विशेष धातूचे पात्र आणि अखंड वीज लागते, आणि हे सगळे महाग असते.

दुसरी वाट जुनी होती. 1884 साली इमर्सन-रेनॉल्ड्स यांनी थायोयुरिया वापरून द्रावणातूनच लेड सल्फाइडचा थर काचेवर बसवून दाखवला होता. यामागचे तत्त्व अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहे. कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात थेट सल्फाइड आयन मिसळले तर पिवळा साका झटकन तळाशी बसतो. पण आधी अमोनिया घातला तर कॅडमियमचे आयन जटिल रूपात अडकून राहतात आणि थोडे थोडेच सुटतात. थायोयुरियातून सल्फाइड आयनही सावकाश मिळतात. विद्राव्यता गुणाकाराची मर्यादा हळूहळू ओलांडली जाते, आणि तळाशी साका बसण्याबरोबरच बुडवलेल्या काचपट्टीवर एकसारखा पिवळा थर वाढू लागतो. लागते काय? चंचुपात्र, पाण्याचे ऊनोदक आणि भरपूर धीर.

सी. डी. लोखंडे यांनी या पद्धतीचा 1991 साली सविस्तर आढावा घेतला. 2000 साली आर. एस. माने यांच्यासह त्यांनी लिहिलेला दुसरा आढावा जगभरच्या संशोधकांनी संदर्भ म्हणून वापरला. पी. एस. पाटील यांनी 1999 साली फवारा पद्धतीचा आढावा प्रसिद्ध केला. या पद्धतीत द्रावणाचे तुषार तापलेल्या काचेवर उडवून थर बनवतात. आणखी एका पद्धतीत काचपट्टी एका आयनाच्या द्रावणात बुडवायची, धुवायची, मग दुसऱ्या आयनाच्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची, असे अनेकदा करतात. वात मेणात पुन्हा पुन्हा बुडवून मेणबत्ती बनवावी तसेच हे. सौरघट, वायू ओळखणारे संवेदक आणि पुढे विद्युतभार साठवणारे महाधारित्र यांसाठी असे थर अभ्यासले गेले. परवडणारे साधन निवडले म्हणून विज्ञान कमी प्रतीचे ठरले नाही.

चंचुपात्राची मर्यादा

मात्र इथे एक अडचण सांगितली पाहिजे. किर्लोस्करवाडीच्या फाळाचा जो प्रश्न, तोच आज कारखान्यातल्या ड्रिलचा आणि लेथच्या हत्याराचा आहे : घर्षणाने झिजू नये. त्यासाठी टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर देतात. विकर्स मापनात उत्तम हत्यारी पोलादाचा कठीणपणा 800 ते 900 च्या आसपास असतो, तर या थराचा 2000 च्या पुढे. जाडी अवघी 2 ते 5 मायक्रॉन. हा थर चंचुपात्रात का मिळत नाही? कारण टायटॅनियमला ऑक्सिजनची ओढ फार. पाण्यातल्या द्रावणातून त्याचे ऑक्साइड मिळते, नायट्राइड नाही.

1960 च्या दशकाच्या अखेरीस युरोपात कार्बाइडच्या हत्यारांवर वायूंच्या अभिक्रियेतून कठीण थर देऊ लागले, पण त्याला 1000 अंशांच्या आसपास तापमान लागे. इतक्या उष्णतेने साध्या हत्यारी पोलादाचे पाणी उतरते. 1972 साली भारतातून अमेरिकेत गेलेले रोइंतन बनशाह आणि ए. सी. रघुराम यांनी धातूची वाफ आणि वायू यांचा संयोग प्लाझ्माच्या साहाय्याने घडवण्याची रीत मांडली. अशा निर्वात पद्धती 500 अंशांच्या आतबाहेर चालतात, म्हणून 1980 च्या सुमारास सोनेरी ड्रिल बाजारात आले. पाण्यातून कठीण थर मिळतच नाहीत असे नव्हे. विजेच्या साहाय्याने क्रोमियमचा कठीण मुलामा देता येतो, पण त्याच्या नेहमीच्या द्रावणातले सहा संयुजेचे क्रोमियम अतिशय विषारी असते.

म्हणजे जवळच्या कारखान्याला हवा असलेला थर आणि जवळच्या प्रयोगशाळेला परवडणारा थर हे एकच असतील असे नाही. आम्हांला वाटते, या इतिहासाचा मुख्य धडा हाच. साधन परवडेल तसे निवडावे, त्यात कमीपणा नाही. परंतु कोणता प्रश्न सोडवायचा हे साधनाने ठरवले, तर शेजारच्या लेथवरचा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

आपला एखादा विद्यार्थी उद्या अशा संशोधनाच्या जागेसाठी अर्ज करील. या जागा बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. त्याने विद्यावेतनाबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : थर देण्याचे यंत्र कोणते, ते बिघडले तर दुरुस्त कोण करणार, आणि हा थर कोणाच्या कोणत्या अडचणीसाठी आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर पहिली दोन शोधण्याचे बळ येते.

कॅडमियम विषारी आहे, तेव्हा तो प्रयोग शाळेत करू नये. त्याऐवजी मोरचुदाच्या द्रावणात दोन खिळे बुडवावेत, एक गंजलेला आणि दुसरा पॉलिशपेपरने घासून साबणाने धुतलेला. तेच द्रावण पातळ करून प्रयोग पुन्हा करावा. प्रत्येक खिळ्यावर तांबे कसे बसले ते पाहावे, आणि मग नखाने खरवडून बघावे. कोणता थर लगेच निघतो, कोणता टिकतो, याची नोंद विद्यार्थ्यांना ठेवू द्यावी. कल्हईवाला नवसागर का टाकत होता, हे त्यांना पुन्हा सांगावे लागणार नाही.