नवजाताची शुश्रूषा आणि आईबापांचे स्थान

मूल जन्मल्यानंतरचे पहिले दिवस धोक्याचे असतात, ही जाणीव लोकाचारात जुनीच आहे. दौलताबादच्या परिसरात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई पुजण्याची व ती रात्र जागून काढण्याची चाल आहे. ह्या आचाराने अर्भकाचे प्राण वाचत, असे नव्हे. परंतु भयाच्या काळात आईबापांच्या हाताला काही कर्तव्य लाभत असे. अतिदक्षता विभागाने प्राणरक्षणाचे साधन दिले. मात्र हे कर्तव्य दीर्घकाळ हिरावून घेतले.

ह्या वियोगाचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो. तेथे १८८०च्या सुमारास तार्निए यांनी अर्भकांसाठी उबदार पेटी प्रचारात आणली. मुलापासून दूर ठेवलेल्या मातेची त्याच्याविषयीची ओढ क्षीण होते, हे त्यांचे शिष्य ब्युदँ यांच्या लवकरच ध्यानी आले. तथापि संसर्गाच्या भीतीने पुढील कित्येक दशके आईबाप काचेबाहेरच राहिले.

हा क्रम पालटला तो बहुधा साधनांच्या टंचाईने. १९७८ साली बोगोटा येथे डॉ. रे यांनी अपुऱ्या दिवसांची अर्भके मातेच्या उराशी बांधण्याची पद्धत अवलंबिली. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापिली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजातांची शुश्रूषा सुरू केली. तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

मूल घरी आले म्हणजे आईबापांची परीक्षा संपते, असा समज आढळतो. तो यथार्थ नव्हे. झोपेतल्या मुलाचा श्वास पुनःपुन्हा पाहणे, निद्रानाश, अपराधी भावना ही लक्षणे अनेक महिने टिकू शकतात. आणि खर्चाची तजवीज करीत धावणाऱ्या पित्याचे दुःख तर बहुधा कोणी विचारीतही नाही. टेडेस्की व कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात आघातोत्तर विकासाची कल्पना मांडली. तिचे मर्म असे की, विकास म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे. आप्तांशी दृढावलेले नाते, स्वतःच्या सामर्थ्याची नवी ओळख व आयुष्यात मोलाचे काय याचा पुनर्विचार, हे सारे वेदनेच्या सोबतीनेच नांदते. म्हणूनच अशा विकासाची अपेक्षा आईबापांवर लादणे अन्यायाचे ठरेल.

भारत सरकारने २०१७ साली कुटुंब-सहभागी शुश्रूषेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार आईबापांना हात धुण्यापासून मुलास पाजण्यापर्यंतचे शिक्षण विभागातच द्यावयाचे असते. दौलताबादच्या कुटुंबास मूल घेऊन शहर गाठावे लागते. १९५६ साली स्थापन झालेले तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे १५ किलोमीटरांवर आहे. परतल्यावर मुलाचा भार त्या दोघांवरच पडतो. तो पेलण्याचे बळ ही केवळ स्वभावाची देणगी नसून, विभागात त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले की कामाला लावले, यावरही ते पुष्कळसे अवलंबून असते.