रँगलर आणि बोर्डाची शाळा

रँगलर परांजपे हे नाव आमच्या मोहोळ भागात फारसं कुणी घेत नाही. त्यांचा पुतळा नाही की जयंती नाही. पण खेड्यातल्या शाळेचा इतिहास उकरायला गेलं, की मुळाशी हा माणूस सापडतो.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोलीकडच्या मुर्डी गावचे. जन्म १८७६ चा. त्यांना खेड्यातून शिकायला बाहेर काढलं ते नात्यातल्या धोंडो केशव कर्वे यांनी. पोरगं गणितात असं काही निघालं, की १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान मिळवून सीनियर रँगलर झालं. हा मान मिळवणारा पहिला हिंदी माणूस तोच. मनात आणलं असतं तर मोठ्या सरकारी हुद्द्यावर जाऊन बसले असते. पण पुण्याला परत आले, फर्ग्युसन कॉलेजात तुटपुंज्या पगारावर शिकवायला लागले आणि सव्विसाव्या वर्षी प्राचार्य झाले.

राजकारणात ते गोखल्यांच्या वाटेचे, मवाळ. लोक टिळकांच्या मागं, पुढं गांधींच्या मागं. १९२१ साली गांधी सांगत होते, सरकारी शाळा सोडा, कौन्सिलावर बहिष्कार टाका. नेमके त्याच वर्षी परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. लोकांना ते कसं आवडावं? पुढं सरकारनं ‘सर’ किताबही दिला. गर्दीचं प्रेम काही त्यांच्या वाट्याला आलं नाही.

त्या वेळच्या मंत्रिपदाची गंमत सांगण्यासारखी आहे. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षणखातं हिंदी मंत्र्याकडं दिलं, पण तिजोरीची किल्ली गव्हर्नरच्या माणसाकडंच ठेवली. म्हणजे औत आपलं आणि बैल दुसऱ्याच्या दावणीला. पेरणी करायची तर रोज त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं.

तशातही १९२३ साली मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डाच्या आणि मोठ्या नगरपालिकांच्या हाती आल्या. त्यासाठी स्कूल बोर्डं निघाली. सक्तीचं शिक्षण सुरू करायचं ठरलं, तर वाढीव खर्चातला मोठा वाटा सरकारनं उचलायचा. त्याच वर्षी सरकारचा ठरावही निघाला, की अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या संस्थेला अनुदान मिळणार नाही. आमची जुनी माणसं गावच्या शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणायची, ते बोर्ड हेच. आता जिल्हा परिषद आली तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी बोर्डच राहिलं.

कायदा झाला म्हणून गाव एका रात्रीत शहाणं झालं नाही. सक्ती कुठं नि कधी करायची, हे बोर्डावर सोपवलेलं. बोर्डात बसणारे आपल्यातलेच पुढारी. पैसा अपुरा, त्यात आमच्याकडं एक वर्ष पाऊस तर दोन वर्षं दुष्काळ. माझा आज्जा त्या वेळी शाळेच्या वयाचा होता, पण त्याला गुरं राखायला धाडलं. म्हातारा मरेपर्यंत सोसायटीच्या कर्जावर अंगठाच उठवत राहिला. पोरींचं तर विचारूच नका. ‘शिकून काय मामलेदार होणार हाय का?’ असं सरळ म्हणायचे. ठराव निघाले तरी कितीतरी गावांत महारा-मांगाची पोरं वळचणीलाच बसली. कायद्याचं बी जमिनीत पडलं, पण उगवण फार विरळ झाली. पोराला शिक्षणाचा हक्क देणारा देशाचा कायदा व्हायला २००९ साल उजाडावं लागलं.

परांजप्यांची विद्यापीठांतली कामगिरी याहून मोठी मानतात. कर्व्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं, त्याचे पहिले कुलगुरू हे. १९३२ ते ३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. मधे लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलात होते, नंतर ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर. १९५६ ला, ऐंशीव्या वर्षी, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर मुकुंदराव जयकर होते. एकेकाळी जयकर स्वराज्य पक्षात, हे मवाळांत. राजकारणात तोंडं दोन दिशांना, पण काम एकाच विद्यापीठाचं केलं.

तेव्हा सोलापूरची कॉलेजं पुण्याच्याच विद्यापीठात होती. १९६२ ला ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडली गेली, आणि २००४ ला सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. आज केगावला त्याची इमारत आहे. एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला ते बरं वाटलं. एका कागदासाठी आमच्या पोरांना कोल्हापूरची एस्टी धरावी लागायची, ती पायपीट संपली.

तरी मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी, माझा हिशोब वेगळा. केगावच्या इमारतीत जो पोरगा जातो, त्यानं पहिलं अक्षर बोर्डाच्या शाळेत गिरवलेलं असतं. जगातली अवघड परीक्षा पहिल्या नंबरानं पास झालेल्या माणसाला हातात सत्ता आल्यावर खेड्यातली पहिली यत्ता आठवली, हे मला त्यांच्या सगळ्या कुलगुरूपदांपेक्षा मोलाचं वाटतं. आज पट कमी म्हणून वस्तीवरच्या शाळा बंद करायच्या गोष्टी चालतात. अशा वेळी तरी पुढाऱ्यांनी या माणसाची आठवण काढावी. वरची माडी बांधायची घाई सगळ्यांनाच असते, पण पाया खचला तर माडी किती दिवस उभी राहील?