झिनोव्हिएव्हचं पत्र आणि मजूर पक्षाचा पराभव

२५ ऑक्टोबर १९२४. ब्रिटनमध्ये मतदान चार दिवसांवर आलंय आणि 'डेली मेल' मोठ्या मथळ्याखाली एक पत्र छापतो. मॉस्कोतल्या कॉमिन्टर्नचा प्रमुख झिनोव्हिएव्ह ब्रिटिश कम्युनिस्टांना सांगतोय की सैन्यात आपली माणसं पेरा, उठावाची तयारी करा. रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या मजूर सरकारनं, पक्षाच्या पहिल्याच सरकारनं, नुकतेच रशियाशी करार केले होते. संशयाला आयतंच निमित्त मिळालं. मूळ पत्र मात्र कुणीच पाहिलेलं नाही. फिरत होत्या त्या नकला. मजूर पक्ष १९१ जागांवरून १५१ वर आला.

बनावट कागद, उतावळं वर्तमानपत्र. इथवर आपल्याला सगळं ओळखीचं वाटतं. पण पुढची गंमत बघा. 'त्या पत्रानं आम्हाला हरवलं' ही समजूत मजूर पक्षात कित्येक दशकं टिकली. आता आकडे पाहू. पक्षाची मतं घटली नव्हतीच, उलट सुमारे दहा लाखांनी वाढली होती! (उमेदवारही जास्त उभे केले होते, तेही धरायला हवं.) कोसळले ते लिबरल, १५८ वरून थेट ४० वर, आणि त्याचा मोठा फायदा झाला हुजूर पक्षाला. शिवाय सरकार कॉमन्समध्ये हरलं होतं ८ ऑक्टोबरलाच, पत्र छापून येण्याआधी.

१९९९ मध्ये परराष्ट्र खात्याच्या मुख्य इतिहासकार गिल बेनेट यांनी गुप्तचर खात्यांची दप्तरं तपासली. पत्र बहुधा बनावट, आणि ते फोडण्यात हुजूर पक्षाकडे झुकलेल्या काही गुप्तचरांचा हात असणं शक्य, असं त्यांनी म्हटलं. अख्ख्या यंत्रणेनं रचलेल्या कटाचा पुरावा मात्र सापडला नाही. पत्र कुणी लिहिलं, ते अजूनही ठरलेलं नाही.