राशिव्यवहार
राशिव्यवहार : सपाट जमिनीवर घातलेल्या धान्याच्या राशीचे घनफळ काढण्याचे प्राचीन भारतीय गणितातील प्रकरण. वरून ओतलेल्या धान्याच्या राशीला शंकूचा आकार येतो; त्यामुळे हे शंकूच्या घनफळाचेच गणित होय. ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात (इ. स. ६२८) व भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ते आढळते.

नियमानुसार परिघाच्या सहाव्या भागाच्या वर्गास उंचीने गुणले असता घनफळ मिळते. उंची मात्र मोजावी लागत नाही. हरभऱ्यासारख्या जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या १/१०, मोहरीसारख्या बारीक धान्याची १/११ व साळीसारख्या कुसळाच्या धान्याची १/९ मानलेली आहे. रास भिंतीला टेकलेली असल्यास मोजलेला परिघ दुप्पट धरून हिशेब करावयाचा व आलेले घनफळ निम्मे करावयाचे.

या प्रमाणांमागे त्रिकोणमिती दडलेली आहे. धान्य ओतत राहिले, तरी राशीची बाजू एका ठराविक मर्यादेपेक्षा अधिक उभी होत नाही. दाणे खाली घसरतात. उंचीला त्रिज्येने भागून या बाजूचा जमिनीशी होणारा कोन काढल्यास वरील तीन प्रकारांत तो अनुक्रमे सु. ३२°, ३०° व ३५° येतो. म्हणजे धान्याची जात ठाऊक असली की, केवळ एका दोरीने सबंध रास मोजता येते.

लीलावतीतील उदाहरणात जाड धान्याच्या राशीचा परिघ ६० हात आहे. त्यावरून उंची ६ हात व घनफळ १०² × ६ = ६०० घनहात येते. या नियमात परिघ व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे. भास्कराचार्यांना ३९२७/१२५० हे सूक्ष्म गुणोत्तर ठाऊक होते; येथे त्यांनी सोपेपणा पत्करला. सूक्ष्म गणिताने घनफळ सु. ५७३ घनहात भरते. म्हणजे नियमाचे उत्तर सु. पावणेपाच टक्के जास्त येते.

हा फरक किती महत्त्वाचा, हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या इतिहासावरून उमगते. ज्वारीच्या या मुलखात यंत्रे येण्यापूर्वी खळ्यात बैलांची पात धरून मळणी करीत व उफणलेल्या धान्याची रास घालीत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (१५४८–१६२६) याच्या महसूल पद्धतीत प्रारंभी उत्पन्नाचा दोन-पंचमांश भाग धान्यरूपाने घेतला जाई व पुढे त्याची रोख आकारणी झाली, असे सांगतात. वरील रास ६०० घनहात धरून असा वाटा काढल्यास शेतकऱ्याचे सु. ११ घनहात धान्य अधिक जाईल. राशीचा अंदाज व तिचे प्रत्यक्ष माप यांतील भेद त्याच्या दृष्टीने केवळ गणिती नव्हता.

लीलावतीचा फार्सी अनुवाद (१५८७) करणारा फैजी यास अकबराने १५९१ मध्ये वकील म्हणून दक्षिणेत पाठविले. त्या कामगिरीत तो अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाकडेही गेला होता. जॉन टेलर याचा इंग्रजी अनुवाद मुंबईस १८१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रातील इयत्ता दहावीच्या गणितात शंकूचे घनफळ ‘महत्त्वमापन’ या प्रकरणात, तर कोनांचा विचार ‘त्रिकोणमिती’त येतो. खळ्यावरील राशीत हे दोन्ही विषय एकत्र नांदतात.