दुर्गा टेकडी, निगडी

दुर्गा टेकडी, निगडी : पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने जतन केलेले टेकडीवरील विस्तीर्ण उद्यान. क्षेत्र सु. ७५ एकर. टेकडीवर दुर्गादेवीचे मंदिर आहे. शहरातील काळेवाडी भागातून पवना नदी ओलांडून चिंचवडमार्गे जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने येथे जाता येते. भक्ती-शक्ती समूहशिल्प व अप्पूघर जवळच आहेत.

टेकडी दख्खनच्या बेसाल्ट खडकाची आहे. अशा टेकड्यांवर मातीचा थर पातळ, पाणी धरून ठेवण्याची क्षमता कमी. त्यामुळे झाडे वाढवणे चिकाटीचे काम असते. येथे लागवड करून सावली निर्माण झाली आहे. झाडांमधून चढउताराच्या पायवाटा जातात आणि मधे मोकळी मैदाने व हिरवळी आहेत. पावसाळ्यात गवत वाढते, उघड्या खडकावर शेवाळ धरते व पाय घसरतो. उन्हाळ्यात तेच गवत वाळून पिवळे पडते आणि वणव्याची भीती असते.

१९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झालेल्या पिंपरी-चिंचवड या उद्योगनगरीत कारखाने, वसाहती आणि रस्ते झपाट्याने वाढले. काळेवाडीसारख्या दाट वस्तीत मोकळी जागा दुर्मीळ आहे. म्हणून पहाटे फिरायला येणारे ज्येष्ठ, पाळी संपवून येणारे कामगार व सुटीत डबा घेऊन येणारी कुटुंबे यांना ही टेकडी मोलाची आहे. येताना मळलेली पायवाट सोडू नये, काडी पेटवू नये आणि कचरा सोबत परत न्यावा.