बावन्न जणांचे वऱ्हाड, माणूस एक

जालना जिल्ह्यातील जांब समर्थ येथे १६०८ साली जन्मलेल्या रामदासांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकली. मराठी समीक्षेने हा निकाल जरा जास्तच मनावर घेतला, असे आम्हांस वाटते. वास्तविक त्याच ग्रंथातील मूर्खलक्षणांचा समास लिहिणारा मनुष्य माणसांच्या तऱ्हा पाहून कधी हसलाच नसेल, हे पटत नाही. शिवाय कीर्तन कसे असावे याचे सविस्तर विवेचन दासबोधात आहे. आणि कीर्तनाचा उत्तररंग म्हणजे तरी काय? एकच मनुष्य उभा असतो. राजा, राक्षस, सासू, सून सारे त्याच्याच गळ्यातून बोलतात. इंग्लंडात एकट्याने हसवणारा नट दारूच्या गुत्त्याला लागून वाढलेल्या म्युझिक हॉलमधून पुढे आला. आपल्याकडची वाट देवळाच्या सभामंडपातून जाते.

१९६१ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. तिला 'बहुरूपी' म्हटले गेले, आणि ते 'एकपात्री'पेक्षा नेमके होते. पात्र एक नसतेच, नट एक असतो. पण ती चाळ मुंबईची, बोली पांढरपेशांची.

मराठवाड्याची बोली त्या जागी आणली ती लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांनी. तेव्हाच्या औरंगाबादेतील मराठवाडा विद्यापीठात ते नाट्यशास्त्र शिकवीत, पुढे विभागप्रमुख झाले. लेखन, दिग्दर्शन, अध्यापन आणि अभिनय या चारही कामांची बेरीज 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात झाली. (शीर्षकातील वऱ्हाड लग्नाचे, विदर्भातल्या प्रदेशाशी त्याचा संबंध नाही.) सुमारे तीन तास, बावन्न व्यक्तिरेखा, नट एक. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. नोंदीचे कौतुक आम्हांस बेताचेच आहे. बावन्न हा आकडा मोजता येतो म्हणून लक्षात राहतो, एवढेच.

खरा प्रश्न बोलीचा आहे. शहरी नाटकात ग्रामीण बोली बहुधा गड्याच्या वा शिपायाच्या तोंडी यायची, ती हशा पिकवण्यापुरती. येथे मात्र नाटकाचा निवेदकच त्या मातीतला. लंडन त्याच्या नजरेतून दिसते, तो लंडनच्या नजरेतून नव्हे. तरीही पुण्यामुंबईच्या नाट्यगृहांत उठलेला सगळाच हशा निर्मळ होता, असे म्हणवत नाही. काही प्रेक्षक गावच्या माणसाबरोबर हसले, काही त्याला हसले. दोघांनी तिकीट सारखेच काढले होते, आणि नटाला समोरच्या अंधारात त्यांची निवड करता येत नाही. मात्र मराठवाड्यातल्या प्रेक्षकाने आपली भाषा तीन तास मध्यभागी उभी असलेली पाहिली, त्याचे मोल आम्ही अधिक मानतो.

वाङ्मयेतिहासात या कामाला क्वचितच एखादी ओळ मिळते. कारण उघड आहे: संहिता कागदावर वाचली तर तिचा निम्मा जीव जातो. आवाजाचा चढउतार, चालीतला बदल, एका पात्रातून दुसऱ्यात शिरतानाचा क्षणभराचा विराम, यांतले काहीच छापता येत नाही. कीर्तनकारांचीही हीच गत झाली. आख्याने उरली, गळे गेले. देशपांडे गेल्यावर हा प्रयोगही त्यांच्याबरोबर संपेल, ही भीती रास्त होती. पण मराठवाड्यातूनच आलेल्या संदीप पाठक यांनी तो पुन्हा उभा केला, आणि निराळ्या देहातही ते वऱ्हाड चालू लागले. आता तरी नाट्यशास्त्राच्या व मराठीच्या अभ्यासकांनी दोघांच्या ध्वनिचित्रफिती शेजारी ठेवून संहिता आणि प्रयोग यांची वाटणी तपासावी.